दोन दोऱ्या

शनिवारी दुपारी पाऊण वाजता मेरीलँड राज्यातल्या हेगर्सटाउनला पोचायचं. हमरस्ता सोडला की उजव्या हाताला जे रेस्तराँ लागतं, त्याच्या मागच्या पार्किंगमध्ये, कचऱ्याच्या डब्यांपासून चार जागा सोडून, गाडीची डिकी भिंतीकडे करून थांबायचं. उतरायचं, पण डिकी उघडायची नाही. थोड्या वेळात हिरवी सुबारू येते.

पंधरा वर्षं महिन्यातून एकदोनदा मी हे करत आले. मधल्या काळात सुबारू तीनदा बदलली. मालकिणीनं रंग मात्र बदलला नाही, म्हणून आमच्यात तिचं नाव ‘हिरवी सुबारू’च राहिलं. मी ‘लेग सात’. माझ्यापुढे पेन्सिल्व्हेनियातले एक निवृत्त पोस्टमन होते, त्यांना मी मनातल्या मनात ‘आजोबा’ म्हणायची, बाकीचे ‘लेग आठ’. इतक्या वर्षांत एकमेकांच्या घरी आम्ही कधी गेलो नाही. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाचा नवरा गेला, हे सगळं पार्किंगमध्ये उभ्याउभ्या, कुत्रं मुतेपर्यंतच्या वेळात कळायचं.

26 ऑक्टोबर 2024ला, वसुबारसेच्या दोन दिवस आधी, त्या पार्किंगमध्ये आम्ही शेवटचे भेटलो. सुबारूत एक बीगल कुत्री होती, शिकारी जातीचे दोन हाउंड होते आणि एका खोक्यात चार पिल्लं. त्या दिवसाच्या तक्त्याखाली, जिथे एरवी पुढच्या फेरीची तारीख असायची, तिथे काही नव्हतं. आमची संस्था त्या रात्री बंद झाली.

हे काम काय होतं ते आधी सांगायला हवं. मिरजेला आईला मी पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, ‘‘कुत्र्यांची ने-आण? आणि पैसे किती देतात?’’ पैसे मिळत नाहीत, पेट्रोलही आपलंच, म्हटल्यावर ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘नामदेव निदान तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे पळाला. तू गाडी घेऊन पळ.’’ तिचा चेष्टेचा सूर मला अजून आठवतो, पण वर्णन अगदी बरोबर होतं.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, म्हणजे टेनेसी, जॉर्जिया, अलाबामा, दोन्ही कॅरोलिना या पट्ट्यात, शेल्टरमध्ये कुत्री मावत नाहीत. तिथली थंडी सौम्य, त्यामुळे वर्षभर पिल्लं होत राहतात. खेड्यांत नसबंदीची सोय लांब आणि महाग. शिकारीचा हंगाम संपला की न चालणारे हाउंड जंगलाच्या कडेला सोडून देणारेही असतात. काउंटीच्या शेल्टरला पैसा जेमतेम, पिंजरे मोजके. नवं कुत्रं आलं की जुन्यापैकी कुणीतरी जायला हवं, आणि घरी न्यायला कोणी आलं नाही तर ते जाणं इंजेक्शननं होतं. उलट उत्तरेला, न्यू इंग्लंडकडच्या राज्यांत नसबंदी इतकी रुजली, की कित्येक शेल्टरांत दत्तक घ्यायला आलेल्या कुटुंबाला दाखवायला पिल्लूच नसतं. मधे शेकडो मैल. ही दरी भरायची कशी, तर ज्याच्याकडे गाडी आणि शनिवार मोकळा आहे त्यानं आपल्या वाटणीचे साठ-ऐंशी मैल उचलायचे. त्या तुकड्याला ‘लेग’ म्हणतात. असे बारा लेग जोडले की पूर्व टेनेसीत पहाटे चारला निघालेलं कुत्रं रात्री मॅसॅच्युसेट्समध्ये कुणाच्या तरी गॅरेजमध्ये झोपतं.

आमची साखळी मुख्यतः इंटरस्टेट 81 या रस्त्यावरची. टेनेसीत नॉक्सव्हिलच्या पूर्वेला तो सुरू होतो आणि न्यूयॉर्क राज्यातून थेट कॅनडाच्या सीमेला भिडतो, 855 मैल. त्यातले सव्वातीनशेच्या घरातले मैल एकट्या व्हर्जिनियात, एका बाजूला ब्लू रिज डोंगर ठेवून. ट्रक इतके, की चढावर दोन्ही लेन त्यांच्याच. माझा तुकडा हेगर्सटाउन ते हॅरिसबर्ग, 75 मैल. चेंबर्सबर्ग, शिपेन्सबर्ग, कार्लाइल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका आणि गोदामं. एकदा एक पिट बुल जातीचं कुत्रं चेंबर्सबर्गपासून हॅरिसबर्गपर्यंत माझ्या उजव्या खांद्यावर हनुवटी टेकून बसलं होतं. त्या वेळी सीडीवर भीमसेन लागले होते. कुत्र्यांना ते आवडतात असं मी म्हणणार नाही, पण कुणी तक्रार केली नाही.

प्रत्येक फेरीला एक तक्ता असे. कुठल्या लेगला कोण, गाडी कुठली, फोन काय, किती वाजता कुठे भेट. खाली प्रत्येक कुत्र्याची माहिती: वजन, वय, मांजरांशी पटतं का, गाडीत उलटी होते का, पुरुषांना घाबरतं का. सोबत खाकी पाकीट, त्यात पशुवैद्याचा आरोग्य दाखला, रेबीजच्या लशीचा कागद, बाकीच्या लशींच्या नोंदी. राज्याची हद्द ओलांडताना हे लागतात. पाकीट विसरलं तर कुत्रं पोचूनही पोचलेलं नसतं. मॅसॅच्युसेट्समध्ये 2005पासून बाहेरून आणलेल्या कुत्र्याला आधी 48 तास वेगळं ठेवायचा नियम आहे, आणि तिथे कागदाशिवाय दार उघडत नाहीत. पिल्लांचे पाय वाटेत कुठेही जमिनीला लागू द्यायचे नाहीत, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोनमहिने टिकतो. म्हणून पिल्लं खोक्यासकट एका गाडीतून दुसऱ्या गाडीत, देवाच्या पालखीसारखी अधांतरी.

सगळ्यात वरचा नियम दोरीचा. प्रत्येक कुत्र्याला दोन दोऱ्या: एक गळपट्ट्याला अडकवलेली, दुसरी सरकत्या फासाची. घेणाऱ्याची दोरी घट्ट बसली, तिनं मनगटाला वेढा घेतला आणि तोंडानं ‘धरली’ म्हटलं, की मगच देणाऱ्यानं आपली सोडायची. नुसती मान हलवून चालत नाही.

हा नियम माझ्यामुळे झाला.

2011च्या नोव्हेंबरातली गोष्ट. तेव्हा मी दोन वर्षांची जुनी झाले होते, म्हणजे घाबरणं संपलेलं आणि शहाणपण आलेलं नव्हतं. कार्लाइलजवळ ट्रकवाल्यांचे मोठमोठे थांबे आहेत, तिथे त्या फेरीत एका पेट्रोल पंपावर पुढच्या माणसाला कुत्रं द्यायचं होतं. वेलॉन नावाचा ट्रीइंग वॉकर हाउंड, पांढऱ्यावर काळे-तांबूस डाग, लांब कान, छातीत हार्टवर्मचा आजार. पाऊस सुरू झाला होता. मी डिकी उघडली, वेलॉनचा पट्टा माझ्या हातात होता. समोरच्याची दोरी अजून त्याच्या खिशातच होती. मागे एका ट्रकनं एअर ब्रेक सोडला. तो फस्स आवाज. वेलॉननं मान मागे खेचली, पट्टा कानांवरून सुटला आणि तो दोन ट्रकांच्या मधून, कुंपणाखालून, कापणी झालेल्या मक्याच्या शेतात गेला. रिकामा पट्टा माझ्या हातात. त्याला टांगलेला पत्र्याचा बिल्ला तेवढा वाजत होता.

घाबरलेल्या कुत्र्याच्या मागे धावायचं नसतं. मी धावले. जितकी धावले तितका तो लांब गेला.

तीन दिवस तो सापडला नाही. त्या तीन दिवसांत मला कळलं, की ‘लेग’ म्हणून ज्यांना ओळखते ती माणसं म्हणजे काय. व्हर्जिनियाहून दोघं रात्रभर गाडी चालवत आले. आजोबांनी पंपाच्या मालकाला विचारून शेताच्या कडेला पिंजऱ्याचा सापळा लावला, त्यात भाजलेली कोंबडी, आणि माझा न धुतलेला स्वेटर. सगळ्यांनी लांब राहायचं, गाडीत बसायचं, हाक मारायची नाही. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास सापळ्याचं दार पडलं. वेलॉन आत बसून माझा स्वेटर चावत होता. त्याला बाहेर न काढता, पिंजऱ्यासकट, गाडीत चढवलं.

व्हर्जिनियाहून सगळ्या साखळीची सूत्रं हलवणाऱ्या बाईंना मी फोन केला. रडत होते. त्या मला काही बोलल्या नाहीत. पुढच्या फेरीच्या तक्त्यावर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, एकच नवं वाक्य आलं: दोन दोऱ्या. ते तेरा वर्षं तिथेच राहिलं.

या बाई नैर्ऋत्य व्हर्जिनियात, डोंगरातल्या एका लहान गावात राहतात. आयुष्यभर शाळेची बस चालवली. नाव देत नाही, त्यांना ते आवडणार नाही. ‘बसवाल्या बाई’ म्हणते. वय 78. साखळीतल्या बहुतेकांनी त्यांना पाहिलेलंही नाही, फक्त आवाज ऐकलाय, कारण फेरी चालू असताना प्रत्येक हस्तांतरानंतर त्यांना फोन करायचा असे. ‘‘लेग सात, सातही कुत्री गाडीत, निघाले.’’ ‘‘ठीक. पाऊस आहे, सावकाश.’’ एवढंच संभाषण.

गेल्या उन्हाळ्यात हा लेख लिहायचा म्हणून मी त्यांच्याकडे गेले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पूर्व किनाऱ्याचा नकाशा, त्याला टाचण्या. टाचण्यांचे रंग उडालेले. टेबलापर्यंत भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर पोचेल एवढी लांब वायर. संस्था कशी सुरू झाली ते त्यांनी कॉफी ओतताओतता सांगितलं. 29 ऑगस्ट 2005ला कट्रिना वादळानं न्यू ऑर्लीन्स बुडालं. (आपल्याकडे त्याच्या महिनाभर आधीच 26 जुलै झाला होता. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर. मला त्या दोन पुरांची चित्रं अजून एकमेकांत मिसळतात.) सुटका करायला आलेल्या बसमध्ये, बोटींत जनावरांना घेत नव्हते, आणि कुत्रं सोडून जायला तयार नसलेली माणसं छपरावरच थांबली. एका लहान मुलाच्या हातून पोलिसांनी त्याचं पांढरं कुत्रं काढून घेतलं, ती बातमी देशभर गेली. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या संसदेनं कायदाच केला, की सरकारी मदत हवी असेल तर राज्यांच्या आपत्ती-योजनेत पाळीव प्राण्यांचाही विचार हवा. पण कायदा व्हायच्या आधी हजारो कुत्री लुईझियानाबाहेर कशी काढायची? सामान्य माणसांनी आपापल्या गाड्या काढल्या. बसवाल्या बाईंनीही काढली. परत आल्यावर त्यांना वाटलं, दक्षिणेतल्या शेल्टरांत दर आठवड्यालाच लहानसं कट्रिना असतं. 2006मध्ये त्यांनी चौघांना घेऊन संस्था नोंदवली.

हे करणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. त्या काळात अशा साखळ्या गावोगावी फुटल्या. 2008मध्ये साउथ कॅरोलिनातल्या एका बाईंनी आणि टेनेसीतल्या एका वैमानिकानं ‘पायलट्स एन पॉज’ सुरू केलं, त्यात हौशी वैमानिक स्वतःच्या चार आसनी विमानांतून कुत्री नेतात. ट्रक ड्रायव्हरांचीही एक साखळी होती. आमची त्यांत सगळ्यात गरीब: बारा जुन्या गाड्या, एक नकाशा, एक फोन.

मी विचारलं, एकूण कुत्री किती नेली? मला लेखासाठी आकडा हवा होता. त्यांनी मोजलेच नव्हते. तक्ते खोक्यांत आहेत, हवं तर मोज म्हणाल्या. मोजायला बसले असते तर तेवढ्या वेळात एक लेग भरून झाला असता, हेही म्हणाल्या. लेग ‘भरणं’ हेच त्यांचं खरं काम. गुरुवारी रात्रीपर्यंत बारापैकी दोन तरी रिकामे असायचे, मग त्या फोन लावत बसायच्या. रात्री साडेनऊला फोन वाजला की माझा नवरा म्हणायचा, ‘‘घे, बसवाली.’’ नाही म्हणता येत नसे, कारण त्या कधी आग्रह करत नसत. फक्त कुत्र्याचं नाव सांगत.

मग बंद का केली?

दत्तक घेणाऱ्यांच्या, शेल्टरवाल्यांच्या मनात पहिला संशय पैशाचा आला. पैसा हे कारण होतं, पण सगळ्यात मोठं नव्हे. जून 2022मध्ये पेट्रोलचा सरासरी भाव पहिल्यांदाच गॅलनला पाच डॉलरच्या वर गेला तेव्हा तीन लेग कायमचे गळाले, हे खरं. अमेरिकेत धंद्यासाठी गाडी चालवली तर मैलामागे करातून वजावट मिळते. 2024मध्ये ती 67 सेंट होती. दानधर्मासाठी चालवली तर 14 सेंट. हा दर कायद्यातच लिहिलेला आहे आणि 1998पासून बदललेला नाही. माझ्या येण्याजाण्याच्या दीडशे मैलांचे 21 डॉलर व्हायचे, तेही परत मिळत नसत, फक्त उत्पन्नातून वजा व्हायचे, आणि तेसुद्धा तेव्हा कराचा तपशीलवार हिशेब देणाऱ्यांनाच. बहुतेक जण देत नसत. पण यामुळे कुणी काम सोडलं असं मी पाहिलं नाही. ज्याला 14 सेंटांचा राग येतो तो मुळात हेगर्सटाउनच्या पार्किंगमध्ये उभाच राहत नाही.

खरं कारण वयाचं. सुरुवातीचे लोक पन्नाशीत होते, ते सत्तरीत गेले. पंचवीस किलोचं कुत्रं उचलून डिकीत ठेवणं ही एका वयानंतर साधी गोष्ट उरत नाही. हिरव्या सुबारूच्या डोळ्यांत मोतीबिंदू. बसवाल्या बाईंना रात्रीचं दिसेना. तरुण माणसं यायची, पण ती वेगळा प्रश्न विचारायची आणि त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं: बारा गाड्या कशाला? एका मोठ्या व्हॅनमध्ये चाळीस पिंजरे बसतात, दोन ड्रायव्हर आळीपाळीनं चालवतात, कुत्री एकदाच चढतात आणि एकदाच उतरतात. मोठ्या संस्थांनी गेल्या दहा-बारा वर्षांत हेच केलं. वातानुकूलित व्हॅन, नोंदणी, विमा, पगारी माणसं. बारा हस्तांतरं म्हणजे निसटायच्या बारा संधी. वेलॉननं ते मला शिकवलं होतंच. मला व्हॅनचा मत्सर वाटला, पण तिच्या बाजूचा मुद्दा खोडता आला नाही. कुत्र्याच्या दृष्टीनं व्हॅनच बरी. आमच्या पद्धतीत बारा माणसांचा फायदा होता.

आणि आणखी एक गोष्ट, जी आम्ही आपसांत बोलायचं टाळत होतो. टेनेसीतल्या एका शेल्टरची पशुवैद्य, आमची सगळ्यात जुनी सोबतीण, तिनं ती एकदा बोलून दाखवली होती. तिचं म्हणणं, तुमच्या गाड्या उत्तरेकडे भरून जातात आणि दक्षिणेकडे रिकाम्या येतात. कुत्री नेता, नसबंदीचा पैसा, भूल, टाके घालणारे हात यातलं काही आणत नाही. पिंजरा रिकामा झाला की काउंटीच्या मंडळींना वाटतं प्रश्न सुटला, आणि पुढच्या महिन्यात तो पिंजरा पुन्हा भरतो. मला हे तेव्हा लागलं होतं. आज मला ती निम्मी बरोबर वाटते. निम्मी अशासाठी, की नसबंदीच्या दवाखान्याची वाट पाहत वेलॉन पुढच्या मंगळवारपर्यंतही जगला नसता. भरून वाहणारी बादली उपसायची की नळ बंद करायचा, असा हा वाद. पण बादलीत कुणीतरी बुडत असेल तर उपसावंच लागतं. देशाचे आकडे काही अगदीच वाईट नाहीत. शेल्टरांत मारल्या जाणाऱ्या कुत्र्यामांजरांची संख्या 2011मध्ये 26 लाखांच्या घरात होती, 2019पर्यंत ती सव्वानऊ लाखांच्या आसपास आली, असा एएसपीसीए या प्राणिसंस्थेचा अंदाज. त्यात नसबंदीचा वाटा मोठा, वाहतुकीचाही थोडा. मग करोना आला. 2020च्या वसंतात शेल्टरं ओस पडली, घरी बसलेल्या प्रत्येकाला कुत्रं हवं होतं, आमच्याकडे न्यायला पिल्लं नव्हती. पण त्याच काळात नसबंदीच्या शस्त्रक्रिया थांबल्या होत्या. त्याची फळं दोन वर्षांनी आली, आणि तोवर घरभाडी वाढली होती, कुत्रं चालेल म्हणणारे घरमालक कमी झाले होते. पिंजरे पुन्हा भरले, गाड्या मात्र कमी.

2024च्या उन्हाळ्यात पाच जणांच्या कार्यकारिणीनं ठराव केला. मीही त्यात होते, माझंही मत बंद करण्याच्या बाजूनं पडलं. शेवटची फेरी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी ठरली आणि झाली. आजोबांनी डोनट आणले. फोटो काढले. आणि 27 सप्टेंबरला हेलीन वादळ पूर्व टेनेसीवर आणि पश्चिम नॉर्थ कॅरोलिनावर येऊन कोसळलं. नोलिचकी नदीनं पूल नेले, इंटरस्टेट 40चा राज्यसीमेवरचा तुकडा वाहून गेला. तिकडच्या शेल्टरांना आधीची कुत्री तातडीनं हलवायची होती, म्हणजे पुरात हरवलेल्या पाळीव कुत्र्यांना, त्यांचे मालक शोधत येईपर्यंत, ठेवायला जागा होईल. बसवाल्या बाईंनी साडेनऊला फोन केला. नवरा म्हणाला, ‘‘ही बंद पडलेली संस्था का?’’

आणखी चार शनिवार झाले. म्हणून शेवटची फेरी ऑक्टोबरात गेली. त्याच महिन्यात पेन्सिल्व्हेनियानं दिवाळीला राज्याच्या सणांत अधिकृत जागा दिली होती. आमच्या मराठी मंडळात त्याचे पेढे वाटले गेले. मी त्या शनिवारी संध्याकाळी फराळाच्या बैठकीला उशिरा पोचले, साडीला कुत्र्याचा वास. चकल्या संपल्या होत्या.

संस्था सुरू करणं सोपं असतं, एक अर्ज. बंद करणं किती कटकटीचं, हे मला माहीत नव्हतं. बँकेत उरलेले पैसे वाटून घेता येत नाहीत. कायद्यानं ते धर्मादाय कामासाठीच द्यावे लागतात. आम्ही ते त्या पशुवैद्य बाईंच्या काउंटीतल्या नसबंदीच्या फिरत्या दवाखान्याला दिले. शेवटचं विवरणपत्र, त्यावर ‘संस्था समाप्त’ अशी खूण. विमा बंद. पिंजरे 31, ते सहा शेल्टरांना. हे सगळं डिसेंबरपर्यंत उरकलं.

उरकलं नाही ते चिपांचं. कुत्र्याच्या खांद्यांच्या मधे, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. कुत्रं हरवून कुणाला सापडलं, तर कुठल्याही दवाखान्यात यंत्र फिरवलं की क्रमांक दिसतो आणि तो जिथे नोंदवला आहे तिथे मालकाचा फोन मिळतो. मालकाच्या खाली दुसरा फोन असतो, मालक न सापडल्यास. घाईगर्दीच्या वर्षांत ज्या कुत्र्यांना चिप आम्हीच बसवून घेतली, त्यांच्या नोंदीत तो दुसरा फोन संस्थेचा होता. संस्थेचा फोन म्हणजे बसवाल्या बाईंच्या भिंतीवरचा. लोक घर बदलतात, मोबाइल बदलतात, चिपची नोंद बदलायचं विसरतात. मग खालचाच नंबर खरा उरतो. संस्था गेली, फोन गेला, तर ती कुत्री पुन्हा कुणाचीच नाहीत.

गेला हिवाळा आम्ही तिघींनी पत्रं लिहिण्यात घालवला. जुने तक्ते काढून, दत्तक घेतलेल्या घरांचे पत्ते शोधून: कृपया चिपच्या नोंदीत दुसरा फोन तुमच्या नातेवाइकाचा घाला. बरीच पत्रं परत आली. काही उत्तरांत फोटो आले, काहींत कुत्रं गेल्याची तारीख. वेलॉनच्या घरून उत्तर आलं: हार्टवर्मच्या औषधातून तो बरा झाला होता, 2020मध्ये म्हातारपणानं गेला, आणि शेवटपर्यंत स्वेटर चावायचा.

या सगळ्यात माझा पुण्याचा भाचा मला एक प्रश्न विचारत राहिला. त्याच्या सोसायटीबाहेरची एक कुत्री त्याला अमेरिकेत माझ्याकडे पाठवायची होती. मी त्याला नियम सांगितले. रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांच्या यादीत भारत आहे. 1 ऑगस्ट 2024पासून नवे नियम आलेत, कुत्रं किमान सहा महिन्यांचं, चिप, ठरावीक अर्ज, रक्ताची चाचणी नाहीतर 28 दिवसांचं विलगीकरण, आणि ठरावीक विमानतळांवरच उतरायची मुभा. खर्च सांगितल्यावर तो गप्प झाला. पण मला त्याला दुसरंच सांगायचं होतं. ती कुत्री बेघर नाही. वॉचमन तिला नावानं ओळखतो, चहावाला पारले-जी देतो, तिचा कान कापलेला आहे म्हणजे नसबंदी झालेली आहे. आपल्याकडे कुत्रं गल्लीचं असू शकतं, आणि आपला कायदाही, 2001पासून, 2023च्या नव्या नियमांतही, हेच धरून चालतो: पकडा, नसबंदी करा, लस द्या, त्याच जागी सोडा. 2025च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीची सगळी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला आधी सांगितलं आणि अकरा दिवसांनी तो आदेश बदलला, तेव्हा मी इथे बसून श्वास रोखून वाचत होते. चावण्याचा, रेबीजचा प्रश्न खरा आहे, ज्याच्या पोराला कुत्रं चावलंय त्याला माझं प्रवचन नको. पण निवारे म्हणजे काय, ते मी पंधरा वर्षं पाहिलंय. अमेरिकेत मालक नसलेल्या कुत्र्याला उभं राहायला रस्ताच नाही. इथे एकतर पिंजरा, नाहीतर आमची गाडी. भाच्याला म्हटलं, तिला वर्षाची रेबीजची लस तूच देत जा, तेवढं पुरे.

बसवाल्या बाईंकडून निघताना मी विचारलं, त्या फोनचं काय करणार? त्यांना वाटलं मी बिलाचं विचारते. बिल त्या स्वतः भरतात, संस्था नसली तरी. मी म्हटलं, तसं नाही. शेवटच्या फेरीतली ती चार पिल्लं आठ आठवड्यांची होती. ती चौदा-पंधरा वर्षं जगतील.

हा हिशेब त्यांनी माझ्या आधीच केला होता. बाईंची मुलगी त्याच गावात राहते, शाळेची बस चालवते. गेल्या महिन्यात ते कनेक्शन तिच्या नावावर झालं. नंबर तोच आहे.